दारात आडवी लावलेली गाडी

माझी बायको बायकांची डॉक्टर आहे आणि मी समुद्राचं पाणी गोडं करतो. पाणी गोडं करणारा माणूस स्वतः इतका कडू कसा, असं आमची मुलगी विचारते, अर्थात इंग्रजीत. मी मराठीत उत्तर देतो, ती पुन्हा इंग्रजीत बोलते, आणि तिची आई मधे बसून दोन्ही भाषांत हसते. माझी नोकरी सौदीत, रास अल खैरच्या प्लँटवर, घर जुबैलला. बायकोचा दवाखाना घरापासून जवळच, एक लाँड्री आणि एक बकाला यांच्या मधे. बकाला म्हणजे इथलं किराण्याचं दुकान.

दवाखाना फार मोठा नाही. तळमजल्यावर काचेचं दार, आत एका बाजूला पुरुषांची बसायची जागा, पडद्यापलीकडे बायकांची. मालक सौदी, सज्जन माणूस, महिन्यातून दोनदा खजूर घेऊन येतो आणि सगळ्यांची चौकशी करून जातो. रिसेप्शनवर केरळची एक सिस्टर आहे, तिला चार भाषांत रागावता येतं. बायकोकडे सगळ्या जगातल्या बायका येतात, पण मराठी बाई आली की तपासणी लांबते. आधी गाव, मग सासर, मग रक्तदाब, असा तिचा क्रम.

गेल्या वर्षी थंडीत एक मुलगी आली, श्रीवर्धनकडची. लग्नाला वर्ष झालेलं, पहिलंच बाळ, तिसरा महिना. नवरा थोरल्या भावाच्या मासळीच्या धंद्यात होता आणि तिघं-चौघं एकाच घरात राहत होते. सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले नाहीत. बायकोनं मशीन फिरवून फिरवून पाहिलं आणि मग तिचा हात धरून सांगितलं, "बाळाचे ठोके थांबलेत गं. तुझ्या हातून काही झालेलं नाही." मुलगी रडली नाही. नुसती ओढणीचं टोक दुमडत राहिली.

हे मला त्या दिवशी चहाच्या वेळी कळलं. बायको पेशंटचं नाव कधीच सांगत नाही, पण मन जड झालं की गोष्ट सांगते. बाळ गेलेलं होतं, पण शरीराला ते कळलेलं नव्हतं. आठवड्यानं पुन्हा एकदा सोनोग्राफी करून खात्री करायची आणि मग मोठ्या इस्पितळात दाखल करून गोळ्या द्यायच्या, असं तिनं ठरवलं होतं. फार दिवस तसंच राहिलं तर आत जंतू शिरतात, रक्त वाहायला लागलं की थांबत नाही. "बाई जाऊ शकते हो त्यात," ती म्हणाली आणि चहा न पिताच उठली.

निघताना त्या मुलीच्या नवऱ्यानं विचारलं होतं, "डॉक्टरीणबाय, याचा नाव काय? भाईला काय सांगू?" बायकोनं सांगितलं, "मिस्ड अबॉर्शन म्हणतात." डॉक्टरी भाषेत याचा अर्थ इतकाच की बाळ आपोआप गेलं आणि तरी आतच राहिलं. बिचारा गोंधळलेला. बाहेर गाडीत बसून त्यानं घरी आवाजी निरोप धाडला: "अबॉर्शन मिस झालं, असा डॉक्टरीणबाय बोलतात. आता गोळ्या देऊन साफ करनार."

आता आपल्या लोकांचं काय मिस होतं ते सांगतो. बस मिस होते, विमान मिस होतं, कॉल मिस होतो. म्हणजे करायला गेलो आणि हुकलं. घरातल्यांनी सरळ अर्थ लावला: ही बाई पोरीचं मूल पाडायला निघाली होती, पहिला वार हुकला, आता गोळ्या देऊन उरलेलं काम करणार. पेशव्यांच्या वेळी निदान कुणीतरी मुद्दाम ध चा मा केला होता. इथं कुणी काहीच मुद्दाम केलं नाही. एका घाबरलेल्या पोरानं इंग्रजी शब्द जसा ऐकला तसा मराठीत ठेवला, एवढंच.

निरोप श्रीवर्धनला गेला, तिथून आणखी कुठे कुठे गेला आणि फिरून आखातात परत आला. येताना त्याला शिंगं फुटली होती. आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर तो आला तेव्हा त्यात दवाखान्याचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, "सावधान! इथली भारतीय डॉक्टर बाळं पाडते. आपल्या लेकीसुनांना जपा." गणपतीत माझ्या शेजारी उभं राहून आरती म्हणणाऱ्या माणसानं तो पुढे ढकलला होता. जिची दोन्ही बाळंतपणं माझ्या बायकोनं केली, त्या बाईनं खाली हात जोडले होते. मला असा संताप आला की फोन सोफ्यावर फेकला. सोफ्यावर अशासाठी, की फोन नवा होता.

मग दवाखान्यात फोन यायला लागले. सिस्टर उचलायची, पलीकडून शिव्या. कधी हिंदीत, कधी उर्दूत, कधी अगदी आपल्या मराठीत. "खुन्यांनो" हा शब्द तिला कळेना, तिनं मला अर्थ विचारला. मी म्हटलं, "काही नाही, राँग नंबर." एका सकाळी काचेच्या दारावर कुणी लाल रंगाचा डबा ओतला होता. मालक आला आणि त्यानं पोलिसांत कळवलं. कॅमेऱ्यात तोंड झाकलेला एक माणूस दिसला. तो कोण होता ते आजवर कळलेलं नाही. रंग मी आणि सिस्टरनं थिनर लावून काढला, तरी बिजागरीत थोडा राहिलाच.

सगळ्यात वाईट होती ती पांढरी कार. दवाखान्यासमोर येऊन थांबायची, आत दोघं बसलेले, काच थोडी खाली आणि फोन बाहेर. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईचं चित्रण. बायका टॅक्सीतून उतरायच्या, फोन बघायच्या आणि त्याच टॅक्सीत परत बसायच्या. सातव्या महिन्याचं पोट घेऊन एक फिलिपिनो बाई तशीच उलटी गेली, ते मी डोळ्यांनी पाहिलं. मी माझी वार्षिक रजा टाकली होती, नाशिकला जायची, आणि ती पुरुषांच्या खोलीत बसून काढत होतो. मी तिरीमिरीत उठलो. बायकोनं तपासणीच्या खोलीतून बाहेर येऊन माझी बाही धरली.

"कुठे निघालात?"

"दोन कानफटात द्यायला."

"द्या. मग यल्ला, सरळ विमानतळ. तुमचा इकामा रद्द, म्हणजे राहायचा परवानाच गेला, आणि तुमच्याबरोबर आमचाही. आणि ती मुलगी यायची राहिली आहे अजून. ती आली तर कुणाकडे जाईल?"

तिचं सगळं लक्ष त्या मुलीत अडकलं होतं. ठरलेला दिवस होऊन गेला होता. फोन लावला तर नवरा "भाईला इचारून सांगतो" म्हणून ठेवायचा. फोन, रंग, कार, या सगळ्याचं दुःख तिला होतंच. जेवताना हात थांबायचा तिचा. पण संध्याकाळी दार लावताना सिस्टरला ती एवढंच विचारायची, "ती आली का?" सिस्टर नाही म्हणून मान हलवायची. मला त्या मान हलवण्याची भीती वाटायला लागली.

मारामारी करता येत नाही म्हटल्यावर मी दुसरं केलं. माझी गाडी दारासमोर आडवी लावली, म्हणजे पांढऱ्या कारच्या फोनला दाराऐवजी माझ्या गाडीचं पत्र्याचं अंग दिसावं. निम्मं दार झाकलं. निम्मं उघडंच राहिलं, कारण माझी गाडी लहान. मोठी घेऊ या म्हणून मी तीन वर्षं म्हणत होतो, ते मी बायकोला लगेच ऐकवलं. ती हसली. त्या आठवड्यात ती हसलेली मला फार मोलाची वाटली.

दुसरं एक मी केलं, ते मात्र तिनं मोडून काढलं. मंडळाच्या ग्रुपवर टाकायला मी एक खणखणीत मजकूर लिहिला: माझ्या पत्नीने आयुष्यात कधीही गर्भपात केलेला नाही. पाठवायच्या आधी तिला वाचून दाखवला.

"पुसा ते," ती म्हणाली.

"का?"

"खोटं आहे. इथे कायद्यात बसत नाही म्हणून मी करत नाही. नाशिकला केलेत. सरकारी दवाखान्यात, कायद्यानं, त्या बायकांच्या मर्जीनं. मला त्यांची तोंडं आठवतात. एकीला चार मुली होत्या आणि नवरा पाचव्यांदा मुलगा मागत होता. एक तर स्वतःच शाळेत होती. मी हात वर करून म्हणू, की मी नाही हो त्यातली? मग त्या कोण झाल्या? त्यांच्या दारावर रंग टाकलेला चालेल?"

वीस वर्षांच्या संसारात तिनं मला बरेचदा खोडून काढलंय, पण या वेळी तिचा अभिमान वाटला, आणि तसं मी तिला तोंडावर सांगितलंही. ती म्हणाली, "अभिमान पुरे. भेंडी चिरा." मी मजकूर पुसला आणि भेंडी चिरली.

पण ती मुलगी काही येत नव्हती. शेवटी मी ठरवलं, बायको पेशंटच्या घरी जाऊ शकत नाही, मी मासळी आणायला तर जाऊ शकतो. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "पोरीचं नाव काढायचं नाही. ओरडायचं नाही. आणि सुरमई बघून घ्या."

मासळीच्या बाजारात भाईचं दुकान शोधायला वेळ लागला नाही. जाडजूड, पिकल्या दाढीचा माणूस, रबरी बूट घातलेला, बर्फावर पापलेटं मांडत होता. धाकटा भाऊ मागे खोकी उचलत होता. मला बघून तो पांढराफटक पडला, त्यानं दवाखान्यात मला पाहिलेलं होतं. भाईनं एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि ओळखलं.

"तुमी त्या डॉक्टरीणबायचे घरवाले."

"हो."

"मंग जावा. तुमाला मी मासळी पन इकनार नाय."

मी ओरडणार नव्हतो, पण माझा आवाज जन्मतःच ओरडल्यासारखा आहे. मी म्हटलं, "नका विकू. एक शब्द विचारायला आलोय. मिस झालं म्हणजे तुम्ही काय समजलात?"

"म्हंजे करायला गेली, आनि हुकला."

"चूक. इंग्रजी डॉक्टरांनी शब्दच वेंधळा ठेवलाय. आपोआप गेलं तरी ते त्याला अबॉर्शनच म्हणतात. आणि मिस म्हणजे, गेलं पण कुणाला कळलं नाही. कुणी काही केलेलं नाही. झालंय ते."

भाईच्या हातात पापलेट तसंच राहिलं. बर्फाचं पाणी त्याच्या बुटांवर ठिबकत होतं. मागे धाकटा खोकं खाली ठेवून उभा होता.

"म्हंजे," भाई हळूहळू म्हणाला, "होडी बुडाली. कोनी बुडवलेली नाय."

"तेच."

"आनि गोळ्या?"

"बुडालेली होडी आत राहिली तर पोरगी जाईल. म्हणून त्या गोळ्या." माझ्या तोंडून पोरगी शब्द निघून गेला, पण आता इलाज नव्हता.

त्यानं पापलेट खाली ठेवलं. दोन्ही हात पँटला पुसले आणि धाकट्याकडे वळून विचारलं, "तिला ताप हाय कालपासून, नाय का रे?" धाकट्यानं मान डोलावली. त्याचे डोळे भरून आले होते. भाई एक शिवी हासडून खुर्चीत बसला. ती शिवी कुणाला होती ते मला कळलं नाही, बहुधा स्वतःलाच. मग त्यानं खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोरच घरच्या ग्रुपवर बोलला: "आमचा बच्चा आपोआप गेला. डॉक्टरीणबायनं काय केला नाय. ज्यानं ज्यानं पयला निरोप पुढं धाडला, त्यानं हा पन धाडावा." "तिला लगेच आणा," एवढं सांगून मी निघालो.

मी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, तापाचंही. तिनं तिथल्या तिथे इस्पितळातल्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना फोन करून खाट सांगून ठेवली. मी मात्र मंडळाच्या ग्रुपकडे डोळे लावून बसलो. भाईचा निरोप काही आला नाही. पहिला निरोप घराघरांत पोचला होता, दुसरा श्रीवर्धनच्या पुढे हलला नाही. ज्यात कुणाचा राग येत नाही, ते लोक पुढे कशाला धाडतील?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे गाडी आडवी लावून आत बसलो होतो. समोर पांढरी कार होतीच. तेवढ्यात बाहेर मोठ्या इंजिनाचा आवाज आला. बघतो तर भाईची मासळीची व्हॅन, चांगली लांबलचक, थंड ठेवायचं यंत्र वर घरघरतंय. भाईनं काच खाली केली आणि मला म्हणाला, "तुमची काडेपेटी बाजूला घ्या."

मी माझी गाडी काढली. त्यानं व्हॅन मागेपुढे करून दारासमोर अशी आडवी घातली की दार, पायरी, लाँड्रीची अर्धी काच, सगळं झाकलं. पांढऱ्या कारमधला माणूस खाली उतरून काहीतरी बोलायला लागला. भाई रबरी बुटांत त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "घरातली बाय आलीय. फोन काढला तर पोलिसाला बोलवीन." माणूस गाडीत बसला. थोड्या वेळानं कार निघून गेली. भाई मला म्हणाला, "आवाज पोचत नाय लोकांपरत. म्हनून गाडीच आनली."

व्हॅनच्या आडोशानं मुलगी आत आली, नवऱ्याच्या हाताला धरून, तापानं लाल झालेली. बायकोनं तिला सरळ आत घेतलं. पडद्यापलीकडून सिस्टर नाकाला रुमाल लावून बाहेर आली आणि मला म्हणाली, "सर, फिश! आत दोन बायकांना उलट्या होतील." मी म्हटलं, "होऊ देत. नाही तरी उलट्यांसाठीच आल्यात ना." सिस्टर पहिल्यांदाच माझ्यावर रागावायची विसरली. व्हॅनच्या मागून आणखी दोघी आत आल्या. एक तर ती फिलिपिनो बाई होती.

भाई पुरुषांच्या खोलीत माझ्या शेजारी बसला. हात मांडीवर, नजर जमिनीवर. मी त्याला पाणी दिलं, त्यानं ते प्यायलं नाही. त्याच्या अंगाचा वास, एसीची थंडी आणि आतून येणारा बायकोचा हळू आवाज, एवढंच होतं. मला त्या माणसावर रागवायचं होतं, आठवडाभर साठवलेला राग होता, आणि तो कुठे गेला ते सापडेना.

बायको बाहेर आली. "आधीसारखंच आहे," ती म्हणाली. "ठोके नाहीत. आता लगेच इस्पितळात न्यायचं, मी बरोबर येते. वेळेत आणलंत." धाकटा व्हॅन चालू करायला धावला. मुलगी पडद्याजवळ उभी राहिली, भिंतीला टेकून. तिनं भाईकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. ती चोरासारखी उभी होती, हे मला सहन होईना.

भाई उठला. त्यांच्या घरात धाकट्या भावाच्या बायकोशी सरळ बोलत नाहीत, मधे कुणीतरी लागतं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मधे मीच होतो, तो मी बाजूला झालो.

"पोरी," तो तिलाच म्हणाला, "तू काय केला नाय. आपला बच्चा गेला."

तिनं मान वर केली. "भाई, तुमाला पन वाईट वाटतंय?"

"वाटतंय म्हंजे?" त्या एवढ्या थोरल्या माणसाचा आवाज फाटला. "चाचा होनार होतो ना मी."

मग ती रडली, मोठ्यांदा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. बाहेर धाकट्यानं हॉर्न वाजवला. माझ्या बायकोनं मला हातानंच खूण केली, त्याला सांगा थोडं थांब, आणि तिला जवळ घेऊन रडू दिलं.